काँक्रीटमध्ये पहिल्यांदा सेन्सर टाकताय? साइट इंजिनिअरसाठी पायरी-पायरीने

"साहेब, ॲप एकवीस दाखवतंय. उघडू का?"

रात्री साडेअकराला सेंटरिंगवाल्या फोरमनचा फोन. डिसेंबर महिना, हिंजवडीजवळची साइट, दहाव्या मजल्याचा स्लॅब. शटरिंग काढायला कन्सल्टंटने लिहून दिलेला आकडा होता २१ एमपीए (ताकदीचं एकक), म्हणजे फोरमनचं काहीच चुकत नव्हतं. चुकलं होतं माझं. त्याच संध्याकाळी स्लॅबशेजारी ठेवलेले तीन दिवसांचे क्यूब (चाचणीसाठी भरलेले काँक्रीटचे ठोकळे) फोडले होते आणि सरासरी पंधराच्या आसपास आली होती. रिपोर्ट टेबलावर तसाच पडलेला. ॲपमध्ये तापमानावरून ताकद काढायचा जो आलेख होता तो आमच्या काँक्रीटचा नव्हताच. सेन्सरसोबत 'रेडीमेड' आला होता आणि मी तो न बदलता वापरला होता.

स्लॅब उघडला नाही, काही पडलं नाही. पण त्या रात्रीपासून एक गोष्ट पक्की बसली: हा सेन्सर काँक्रीटची ताकद मोजत नाही. तो फक्त तापमान मोजतो. ताकदीचा आकडा तुमच्या क्यूबांतून येतो, सेन्सर त्याचा हिशेब ठेवतो. पुढच्या सगळ्या पायऱ्या ह्या एका वाक्याभोवती फिरतात.

## १. आधी ठरवा, सेन्सर हवा कशाला

"मॅनेजमेंटने सांगितलं" हे कारण असेल तरी हरकत नाही, पण स्वतःपुरतं खरं कारण शोधा. बहुतेक इमारतींच्या साइटवर ते दोनांपैकी एक असतं: स्लॅबचं शटरिंग कधी काढायचं, किंवा जाड राफ्ट (पायाचा सलग स्लॅब) आतून किती तापतोय.

शटरिंगचं कारण नीट समजून घ्या. आयएस ४५६ मध्ये, म्हणजे काँक्रीटच्या भारतीय मानकात, दिवस दिलेले आहेत. स्लॅबखालचं शटर ३ दिवसांनी (टेकू लगेच परत लावायचे या अटीवर), साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याचे टेकू ७ दिवसांनी, त्याहून मोठ्या गाळ्याचे १४ दिवसांनी. बीमला याहून जास्त. हे आकडे सगळ्यांना पाठ असतात. त्यांच्यावरची अट मात्र फारसं कोणी वाचत नाही: सिमेंट ओपीसी (साधं पोर्टलँड, काही न मिसळलेलं) हवं आणि हवेचं तापमान १५ अंशांखाली जायला नको. आता आपल्या आरएमसीच्या (प्लांटमधून तयार येणाऱ्या काँक्रीटच्या) चलनावर बघा. फ्लाय ॲश (कोळशाची राख) किंवा जीजीबीएस (पोलादाच्या भट्टीतल्या मळीची भुकटी) असतेच. आणि पुण्यात डिसेंबर-जानेवारीच्या रात्री पारा १५ च्या खाली सर्रास जातो. म्हणजे ज्या दोन अटींवर ते दिवस उभे आहेत, त्या दोन्ही आपल्याकडे हिवाळ्यात पाळल्या जात नाहीत. सेन्सरचा खरा उपयोग इथे आहे. दिवस वाचवायला तो विकला जातो, पण माझ्या अनुभवात थंडीत 'अजून थांबा' असं सांगायला तो जास्त कामी आला.

मायवन (ॲल्युमिनियमच्या) शटरिंगवर सात-आठ दिवसांची सायकल मारणाऱ्यांना तर हे समजणं फारच गरजेचं.

## २. कागद आणि सामान

सेन्सर यायच्या आधी हे जमवा:

- मंजूर मिक्स डिझाइन: सिमेंट, फ्लाय ॲश, ॲडमिक्श्चर यांच्या ब्रँडसकट
- कन्सल्टंटचं पत्र: कोणत्या कामाला (साइड, स्लॅबचं शटर, टेकू, पीटी म्हणजे पोस्ट-टेन्शनिंग असेल तर केबल ताणणं) किती एमपीए हवेत
- सेन्सरचं कॅलिब्रेशन सर्टिफिकेट, सिरीयल नंबरसकट
- पोअरचं ड्रॉइंग, ज्यावर सेन्सरच्या जागा मारता येतील
- क्यूब रजिस्टर आणि पोअर कार्ड, नेहमीचंच

सामान: १५० मिमीचे निदान १७ क्यूब मोल्ड एकाच वेळी मोकळे, क्युअरिंगची टाकी, केबल टाय, लाल स्प्रे पेंट, चिकटपट्टी, पॉवर बँक, आणि ठरलेल्या संख्येपेक्षा एक सेन्सर जास्त. तो एक जास्तीचा लागतोच.

पत्राबद्दल एक आग्रह. 'सत्तर टक्के झाले की उघडा' असं तोंडी ऐकून कामाला लागू नका. सत्तर टक्के कशाचे, एम ३० च्या तीस एमपीएचे की मिक्स डिझाइनमध्ये धरलेल्या त्याहून वरच्या टार्गेटचे? आणि पॅनेल काढायला की टेकू काढायला? लिहून घ्या.

## ३. विकत घेताना विचारायचं काय

विक्रेता डेमोमध्ये मोबाइलवर सुंदर आलेख दाखवेल. तो बघा, चहा घ्या, आणि मग विचारा:

सिग्नल कोणता? ब्लूटूथवाला असेल तर कोणीतरी स्लॅबवर चढून मोबाइल जवळ नेल्याशिवाय आकडा मिळणार नाही. लोरा (लांब पल्ल्याचा, कमी विजेचा रेडिओ) असेल तर साइटवर एक गेटवे (सेन्सरचे आकडे गोळा करणारा डबा) लागतो, आणि तो इंटरनेटवरून आकडे पाठवत राहतो. बाहेरून मागवलेला असेल तर फ्रिक्वेन्सी तपासा. आपल्याकडे लोरासाठी विनापरवाना पट्टा ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झचा आहे, अमेरिकेसाठी बनवलेले सेन्सर ९१५ वर चालतात. वायरलेस उपकरणाचं भारतातलं मंजुरीपत्र विक्रेत्याकडून मागून फाइलला लावा.

पूर्ण पुरायचा की वायरवाला? पूर्ण पुरलेल्याचा सिग्नल ओल्या काँक्रीटमधून बाहेर यायला धडपडतो. वायरवाल्यात टोक खोल जातं आणि सिग्नल देणारा भाग वर राहतो. मी वायरवाले पसंत करतो.

नोंद किती वेळाने? एएसटीएम सी १०७४ हे मॅच्युरिटी पद्धतीचं, म्हणजे तापमान आणि वेळेवरून ताकद काढायच्या पद्धतीचं, अमेरिकन मानक. त्यात पहिले ४८ तास दर अर्ध्या तासाला आणि पुढे दर तासाला नोंद मागितली आहे. चार तासांनी एकदा नोंद करणारा सेन्सर नको.

माझा आलेख मला घालता येतो का, आणि कच्चे आकडे एक्सेलमध्ये काढता येतात का? यातलं एक जरी 'नाही' आलं, तरी नमस्कार करून निघा. वर्षाचं ॲपचं भाडं संपल्यावर जुना डेटा दिसेल का, हेही याच वेळी.

काँक्रीटच्या पोटात यंत्र ठेवणं आपल्याकडे नवं नाही, हे विक्रेत्याला सांगायला हरकत नाही. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेला भूकंप झाला, तेव्हा धरणाच्या गॅलरीतल्या यंत्राने हादरे टिपले होते आणि ती नोंद धरणांचं गणित करणारे आजही वापरतात. आता नोंद घ्यायला गॅलरीत उतरावं लागत नाही, एवढंच नवं.

## ४. कॅलिब्रेशन: इथे घाई केलीत तर बाकी सगळं फुकट

आधी हिशेब समजून घेऊ. काँक्रीट गरम असेल तर लवकर पिकतं, थंड असेल तर उशिरा. आंब्याची अढी जशी. तेव्हा वय दिवसांत न मोजता 'अंश-तासांत' मोजायचं: तापमान गुणिले तास. याला मॅच्युरिटी म्हणतात.

प्रयोगशाळेतला क्यूब २७ अंशांच्या पाण्यात असतो. ४८ तासांत त्याची मॅच्युरिटी २७ × ४८ = १२९६. आता डिसेंबरातला १२५ मिमीचा पातळ स्लॅब घ्या, त्याची सरासरी १८ अंश धरा. ७२ तासांत १८ × ७२ = १२९६. आकडा तोच! म्हणजे तुमच्या पोअर कार्डावर तीन दिवसांचा असलेला स्लॅब काँक्रीटच्या हिशेबाने दोनच दिवसांचा आहे. फोरमन दिवस मोजतो, काँक्रीट मोजत नाही.

यात एक बारीक सापळा आहे. वरचं गणित ० अंशापासून धरलंय. काही ॲप मुळातच उणे १० पासून मोजतात. तसं केलं तर हाच स्लॅब २८ × ७२ = २०१६ आणि प्रयोगशाळेतला क्यूब दर तासाला ३७, म्हणजे स्लॅबचं वय ४८ ऐवजी साधारण साडेचोपन्न तास निघतं. स्लॅब तोच, थंडी तीच. म्हणून आलेख ज्या शून्यबिंदूवर काढलाय तोच ॲपच्या सेटिंगमध्ये आहे ना, हे पहिल्या दिवशी डोळ्यांनी बघा.

आता प्रत्यक्ष काम:

१. तुमच्याच प्लांटचं, तुमच्याच मिक्सचं काँक्रीट घ्या. शक्यतो नेहमीच्या गाडीतून, खास बनवलेल्या ट्रायलमधून नको.
२. १७ क्यूब भरा. दोन क्यूबांत सेन्सरचं टोक बरोबर मध्यभागी येईल असं ठेवा. हे दोन फोडायचे नाहीत.
३. सगळे एकाच टाकीत, एकत्र.
४. १, ३, ७, १४ आणि २८ व्या दिवशी तीन-तीन फोडा. दर वेळी सेन्सरवाल्या क्यूबांची त्या क्षणाची मॅच्युरिटी लिहा. तीनपैकी एखादा सरासरीपासून १५ टक्क्यांहून जास्त हटला तर त्या दिवसाचा निकाल धरू नका.
५. आडव्या अक्षावर मॅच्युरिटी, उभ्या अक्षावर ताकद. हा तुमचा आलेख. कन्सल्टंटची सही घ्या, मगच ॲपमध्ये भरा.

२८ दिवस कोण थांबणार, असं सगळे म्हणतात. शटरिंगपुरतं सात दिवसांपर्यंतच्या आकड्यांवर काम सुरू करता येतं, कन्सल्टंट मान्य करत असतील तर. पण उरलेले क्यूब विसरू नका. आणि हिवाळ्यात काम असेल तर दोन दिवसांचा एक संच जास्तीचा भरा. आलेखाचा सगळ्यात चढता भाग तिथेच असतो आणि तुमचा निर्णयही.

सिमेंटचा ब्रँड बदलला, फ्लाय ॲशचं प्रमाण बदललं, ॲडमिक्श्चर बदललं, की आलेख रद्द. आरएमसीवाला हे आपणहून सांगेलच असं नाही. आमच्याकडे एका पावसाळ्यात सिमेंट बदललेलं मला चलनावरून कळलं, तेही चार गाड्या ओतून झाल्यावर.

## ५. जागा निवडणे

सेन्सर तिथे लावा जिथे काँक्रीट सगळ्यात शेवटी पिकणार आहे: सगळ्यात शेवटी ओतला जाणारा कोपरा, वाऱ्याची कड, बाल्कनीचा कॅन्टिलिव्हर. मध्यभागी, जाड बीमजवळ लावला तर आकडा छान दिसेल आणि कड कच्चीच राहील. आमच्या साधारण ४०० चौरस मीटरच्या स्लॅबला मी चार लावतो: दोन कडेला, एक कॅन्टिलिव्हरला, एक तुलनेसाठी मध्ये.

बांधताना टोक सळईला थेट चिकटवू नका, मध्ये फटीला जागा ठेवा. सेन्सर सळईच्या खालच्या बाजूने बांधा, म्हणजे वरून पाय किंवा पंपाचा होज पडला तरी वाचेल. बंधनी तार पिळून बांधली की वायर कापते, केबल टायच वापरा. पूर्ण पुरायचा प्रकार असेल तर वरच्या पृष्ठभागापासून चार-पाच सेंटिमीटरपेक्षा खोल नको. मी पहिल्यांदा खालच्या जाळीला बांधले होते. चारपैकी तीन पुन्हा कधी बोललेच नाहीत.

आणि फिटर लोकांना आदल्या दिवशी बोलवून दाखवा. "हे काय आहे, कशाला आहे, तुटलं तर मला सांगा, ओरडणार नाही." शेवटचे दोन शब्द महत्त्वाचे. नाहीतर तुटलेली वायर गुपचूप काँक्रीटखाली जाते.

## ६. पोअरच्या दिवशी

- सकाळी प्रत्येक सेन्सरचा आकडा येतोय का बघा. सिरीयल नंबर आणि जागा ड्रॉइंगवर लिहा. 'लिफ्टजवळचा' असं लिहू नका, ग्रिड (ड्रॉइंगवरच्या रेषांचा नंबर, जसं बी-४) लिहा.
- सेन्सरच्या आजूबाजूला नीडल (व्हायब्रेटरची नळी) फिरवणाऱ्याजवळ स्वतः उभे राहा. नीडल सेन्सरला लागता कामा नये, पण भीतीने तिथे व्हायब्रेशनच दिलं नाही असंही नको.
- सुरुवातीची वेळ हाताने भरा. हा सापळा मला सगळ्यात उशिरा कळला. सेन्सर आदल्या दिवशी दुपारी बांधला आणि तेव्हाच चालू केला, तर तो उन्हात तापलेल्या सळईचे तास मोजत बसतो. सरासरी ३० अंशांवर १८ तास म्हणजे ५४० अंश-तास, काँक्रीट येण्याआधीच जमा! त्या सेन्सरला काँक्रीट जेव्हा लागलं तीच वेळ भरायची.
- फिनिशिंग झाल्यावर जागेवर लाल खूण करा, आणि क्युअरिंगचं पाणी ओसरल्यावर पुन्हा करा.

गाडीवर लक्ष ठेवा. स्लंप (काँक्रीटचा पातळपणा) उतरला की कोणीतरी ड्रममध्ये पाइप सोडतो. सेन्सरला हे कळत नाही. पाणी वाढलं तरी तापमान जवळपास तसंच राहतं, मॅच्युरिटी नेटकी चढत राहते, आणि ताकद मात्र आलेखाच्या खाली. क्युअरिंगचंही तसंच. कोरड्या पडलेल्या स्लॅबचा आकडा सुद्धा वर जात राहतो. ॲप हिरवं आहे म्हणून स्लॅबवर पाणी साठवलेली आळी सुकू देऊ नका. मिश्र सिमेंटला आयएस ४५६ प्रमाणे निदान १० दिवस, आणि शिफारस १४ ची आहे.

## ७. गेटवे आणि त्याचा प्लग

आमचा गेटवे रोज रात्री आठनंतर बंद पडायचा आणि पहाटे चालू व्हायचा. विक्रेत्याचा माणूस दोनदा येऊन अँटेना बदलून गेला. तिसऱ्या दिवशी मी रात्री थांबलो. कामगार जेवायला बसले की एक जण प्लग काढायचा आणि तिथे मोबाइल चार्जिंगला लावायचा. त्याचं तरी काय चुकलं, मजल्यावर दुसरा पॉइंटच नव्हता. गेटवेला कुलपाचा डबा केला आणि शेजारी सहा पिनांचा बोर्ड लावून दिला. त्यानंतर एकही रात्र चुकली नाही.

बाकी मुद्दे लहान: बेसमेंटला मोबाइल नेटवर्क नसतं, गेटवे वर ठेवा. सिम दोन कंपन्यांची तपासून घ्या. इंटरनेट गेलं तर सेन्सर स्वतःच्या मेमरीत किती दिवस साठवतो, हे आधी विचारलेलं असू द्या.

## ८. आकडा आला. आता?

लगेच उघडायचं नाही. चारपैकी सगळ्यात कमी दाखवणारा सेन्सर धरा. सरासरी काढू नका, स्लॅब सरासरीने पडत नसतो.

मग त्याच पोअरचे तीन क्यूब फोडा. याकरिता प्रत्येक पोअरला नेहमीच्या क्यूबांशिवाय चार जास्तीचे भरा आणि त्यातल्या एकात सेन्सर ठेवा. सेन्सरवाल्या क्यूबच्या मॅच्युरिटीवर आलेख जी ताकद सांगतो ती आणि मशीनवर आलेली ताकद यांत आम्ही १० टक्के फरक सोडतो. त्याहून जास्त आला तर त्या पोअरपुरता सेन्सर बाजूला, आयएस ४५६ चे दिवस चालू, आणि आलेखाची चौकशी. एएसटीएमचं मानकही महत्त्वाच्या कामाआधी दुसऱ्या चाचणीची जोड मागतंच. फक्त ॲपच्या स्क्रीनशॉटवर सही करायला कोणी सांगितलं तर करू नका. पोअर कार्डावर तीन गोष्टी लिहा: कमीत कमी सेन्सर आकडा, क्यूबची सरासरी, उघडायची परवानगी देणाऱ्याचं नाव आणि वेळ.

२८ दिवसांचे क्यूब यातून सुटत नाहीत. स्वीकारायचं की नाही हे त्यांच्यावरच ठरतं: ३१ ते ५० घनमीटरला ४ नमुने, पुढच्या प्रत्येक ५० ला एक. सेन्सर आहेत म्हणून क्यूब कमी करा, असं कोणी म्हटलं तर हसून विषय बदला.

## ९. जाड राफ्ट असेल तर

इथे ताकदीपेक्षा ताप महत्त्वाचा. दीड मीटरच्या राफ्टला एका उभ्या रेषेत तीन टोकं: तळाशी, मध्ये, आणि वरून पाच सेंटिमीटर खाली. मधलं तापमान ७० अंशांच्या वर जाऊ द्यायचं नाही, आणि मधलं व वरचं यांतला फरक साधारण २० अंशांच्या आत ठेवायचा. यापेक्षा वेगळी मर्यादा कन्सल्टंटने दिली असेल तर ती.

फरक वाढला की सगळ्यांचा हात पाण्याच्या पाइपकडे जातो. नको! गार पाणी मारलंत तर वरचा थर आणखी गार होतो, फरक आणखी वाढतो, आणि नेमकी तीच चीर पडते जी टाळायची होती. प्लॅस्टिक अंथरा, त्यावर ओलं गोणपाट, त्यावर थर्मोकोल. वरचा थर उबदार ठेवायचा. आणि मध्यभाग दोन-तीन दिवसांनी उतरायला लागला म्हणून पांघरूण एकदम काढू नका. रात्री तर अजिबातच नको.

## १०. वायरचं टोक

काम झालं की वर आलेलं टोक तसंच सोडून सगळे पुढच्या मजल्यावर जातात. मधल्या मजल्यावर फार बिघडत नाही, टाइल्सवाला शिव्या देऊन कापतो. टेरेस आणि टॉयलेटच्या स्लॅबला मात्र ती वायर म्हणजे पाण्याला आयती वाट. भोवतीचं काँक्रीट दोनेक सेंटिमीटर खोल टोचून वायर आत कापा, खड्डा नॉन-श्रिंक ग्राउटने भरा, आणि वॉटरप्रूफिंगवाल्याला ग्रिडसकट यादी द्या. आमच्या एका टेरेसवर पाँड टेस्टला (पाणी साठवून बघायच्या चाचणीला) जी एकच गळती निघाली ती बरोबर बी-४ वर होती, माझ्या लाल खुणेखाली.